पेजेतलं पाणी

वाटी हे माप आहे असं ज्याने पहिल्यांदा ठरवलं, त्याच्या घरी एकच वाटी असणार. आमच्या घरी स्टीलच्या वाट्या तीन आकारांच्या आहेत, शिवाय एक पितळी, आणि डाळीच्या डब्यात कायमची मुक्कामाला असलेली एक प्लॅस्टिकची. त्यामुळे डहाणूच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्या सासऱ्यांच्या जेवणाचं सांगताना भात एक वाटी आणि डाळ अर्धी वाटी म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी घरी येऊन त्यातली सगळ्यांत मोठी वाटी काढली. वाटी म्हणजे वाटी, असं त्यांचं म्हणणं. वर भाताची शीग लावली ती निराळीच, कारण नवऱ्याला सपाट वाटी वाढणं त्यांच्या हाताला जमतच नाही.

सासऱ्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो. उभा जन्म त्यांनी नरपडच्या किनाऱ्यावरून होडी नेली. साखरेचा आजार बरीच वर्षं होता, त्याकडे त्यांनी जमेल तितकं दुर्लक्ष केलं, आणि शेवटी दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून एक दिवस सोडून त्यांना डायलिसिसला न्यावं लागतं. यंत्र रक्त धुऊन देतं, अंगात साठलेलं पाणी काढून टाकतं, आणि माणूस पुन्हा दोन दिवस चालतो. डॉक्टरांनी घातलेल्या अटी मात्र आमच्या घराला झेपणाऱ्या नव्हत्या. मीठ नावापुरतं. सुकी मासळी बंद. नारळपाणी बंद, चिकू बंद. डहाणूत राहणाऱ्या माणसाला चिकू खाऊ नको म्हणून सांगायचं म्हणजे त्याला गाव सोडायला सांगण्यासारखंच आहे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पाणी, दिवसाकाठी एक लिटर. चहा, ताक, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यातच.

मी मूळची तलासरीकडची, शेतकऱ्याची पोर. लग्न होऊन मच्छीमारांच्या घरात आले तेव्हा मला इथल्या मोजण्याचं फार नवल वाटायचं, म्हणजे खरं तर मोजतच कोणी नव्हतं. मासळी पाटीने यायची आणि वाट्याने जायची. वाटा म्हणजे फळकुटावर मांडलेला ढीग, आणि तो केवढा हे ठरवणार विकणारीचा हात. विवळवेढ्याच्या जत्रेत सासूबाई सुके बोंबील घेऊन बसत तेव्हा मी शेजारी बसून बघितलंय. कडेवर पोर असलेली बाई आली की वाटा आपोआप फुगायचा. भाव करण्यात हुशार बाई आली की त्याच वाट्यातले दोन बोंबील गुपचूप मागे सरकायचे. हे कोणत्या तराजूत बसणार?

माझ्या माहेरी निदान पायली होती. लहान असताना मला वाटायचं की पायली हे वजन आहे. वडिलांनी एकदा मला खळ्यावर बसवून एक पायली सालासकटचा भात आणि एक पायली सडलेले तांदूळ दोन फडक्यांत बांधून दिले आणि दोन्ही हातांत उचलायला सांगितलं. तांदळाचं गाठोडं चांगलंच जड लागलं. वडील म्हणाले, पायली म्हणजे भांडं, तिला फक्त जागा कळते, आत काय भरलंय ते कळत नाही. तेवढं एक शिक्षण मला पुढे खूप कामाला आलं. मी अंगणवाडीत काम करते. पोरांना काट्यावर बसवायचं, वजन घ्यायचं, खिचडीचे तांदूळ आणि डाळ डोक्यागणिक ग्रॅममध्ये मोजायची, आणि मग ते ग्रॅम डावात किती बसतात हे शोधायचं, यातच माझी सकाळ जाते. त्यामुळे बाबांच्या पथ्याचं प्रकरण घरात आलं, तेव्हा मुखत्यारी माझ्याकडे आपोआप आली. आली म्हणजे मीच घेतली. माझा स्वभावच तसा आहे.

मी एक छोटा डिजिटल काटा आणला. सासूबाईंना, म्हणजे आईंना, तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपला. सोनाराकडे असतो तसला काटा जेवणाच्या ओट्यावर कशाला, असं त्या शेजारणीला माझ्यादेखत सांगत होत्या. मी मधल्या आकाराची वाटी घेतली आणि तीच घराची वाटी म्हणून जाहीर केली. पाण्याने भरली, दीडशे ग्रॅम. तांदळाने भरली, सव्वाशेच्या आसपास. पोह्यांनी भरली तर पन्नाससुद्धा नाही. आईंनी हात कमरेवर ठेवून हा सगळा तमाशा बघितला आणि म्हणाल्या की वाटी तीच, हात तोच, मग आकडे कसे बदलतात, तुझा काटाच फसवा आहे. मी पायलीची गोष्ट सांगितली. ती त्यांना पटली नाही, पण माझ्या वडिलांचं नाव आल्यामुळे त्या गप्प बसल्या.

पाणी तेवढं सरळ होतं. त्याचं वजन आणि माप एकच, ग्रॅम म्हणा की मिलिलिटर म्हणा. रोज सकाळी मी एक लिटरची बाटली भरून बाबांच्या खाटेशी ठेवायची. त्यांच्या चहाइतकं पाणी आधीच त्यातून काढून ठेवायची. बाटली संपली की दिवस संपला. बाबा ती बाटली भरतीची वेळ बघावी तशी दर थोड्या वेळाने उचलून बघायचे, आणि घोट तोंडात घोळवून घोळवून गिळायचे. जन्मभर समुद्रावर गोडं पाणी पुरवून पुरवून वापरलेला माणूस तो, त्यांना ते आमच्यापेक्षा बरं जमायचं.

आणि तरी वजन वाढायला लागलं.

डायलिसिसला बसवण्याआधी तिथली सिस्टर बाबांना काट्यावर उभं करते. आधीच्या वेळेपेक्षा वजन किती वाढलं ते बघते. जेवून माणूस दोन दिवसांत जाड होत नाही, वाढतं ते पाणी. एक किलो वाढलं म्हणजे लिटरभर पाणी अंगात साठलं, इतका सरळ हिशेब. बाबांचं दर वेळी जरा जास्तच वाढायचं. पावलं सुजायची, पायावर बोट दाबलं की खळगा पडून राहायचा. मग पाणी छातीत चढायला लागलं. आडवं पडलं की त्यांना दम लागायचा, म्हणून खाटेवर उशांच्या राशीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. डॉक्टरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चालू राहिलं तर एक दिवस हृदयाला झेपणार नाही. पाणी अंगात कुठून जातंय ते शोधा. नवरा त्याच दिवशी बोटीवर जायचा होता. जाताना तो एवढंच म्हणाला की तू बघ, आणि माझ्याकडे न बघता गेला.

मग काय, चोर शोधणं आलं. घरात चोर एकच असू शकत होता. मी माठावर ताटली उलटी घालून त्यावर ग्लास आडवा ठेवायला लागले, हलला तर कळावा म्हणून. शेजाऱ्यांना बजावलं की बाबा आले तर बसवा, पण पाणी विचारू नका. एका दुपारी बाबा नाक्याच्या दिशेने निघाले तेव्हा मी चक्क मागे गेले. ते ताडगोळे विकणाऱ्या बाईसमोर उभे होते. हातात सोललेला ताडगोळा, पाण्याने टच्च. मला बघून त्यांनी तो तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाले की हे फळ आहे, मी खातोय, पीत नाही. ती विकणारी बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मीही हसले असते, पण संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पण एका ताडगोळ्याने माणसाचं वजन किलोने वाढत नाही. बाबांनी त्यानंतर ताडगोळ्यांचा रस्ताच सोडला, तरी काट्याचा आकडा तिथेच. आणि आता ते दुखावलेही होते. सिस्टरने विचारलं, बाबा किती पाणी पिता, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले की हिला विचारा, मी आता हिच्या परवानगीने जगतो. रेल्वेच्या डब्यात खिडकीकडे तोंड करून बसावं तसे ते रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसले.

उत्तर मिळालं ते अंगणवाडीत. आमची मदतनीस त्या दिवशी आली नव्हती, म्हणून खिचडी मीच टाकली. तांदूळ-डाळ मोजून घेतली तेव्हा ते सगळं एका हातात मावेल एवढ्या डब्यात होतं. शिजल्यावर पातेलं चुलीवरून उतरवायला गेले तर दोन्ही हात लावूनही कंबर वाकली. रोजचंच आहे हे, पण रोज उतरवते ती मदतनीस, मी नाही. पातेलं खाली ठेवलं आणि तशीच उभी राहिले. तांदूळ एवढासा होता, मग हे वजन आलं कुठून? पाण्याचंच. ते वाफ होऊन थोडं गेलं, बाकीचं दाण्यांत जाऊन बसलं. दिसत नाही म्हणून नाहीसं होत नाही. आणि मला आमच्या घरची पेज आठवली.

आमच्याकडे, समुद्रावर काय आणि तलासरीच्या पाड्यांवर काय, दिवसाची सुरुवात पेजेने होते. मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, दाणा फुटेपर्यंत उकळायचं आणि वाडग्यात ओतायचं. बाबांना तोंडाला चव नव्हती, भात गिळवत नव्हता, म्हणून आई त्यांना सकाळी पेज द्यायच्या आणि संध्याकाळीही पेज द्यायच्या. आम्ही चहाचं पाणी मोजलं, ताक मोजलं, गोळीबरोबरचा घोट मोजला. पेज मोजायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. का येईल? पेज हे आमचं जेवण आहे. पेज घेतलेला माणूस जेवलेला असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईंच्या हातातून तांदळाची मूठ काट्यावर घेतली. पन्नास ग्रॅमच्या आसपास भरली. मग शिजलेली पेज, वाडग्याचं वजन वजा करून. चारशेच्या वर. तसली दोन वाडगी रोज. म्हणजे तांदूळ वजा केला तरी बाबांच्या बाटलीवर आणखी जवळजवळ पाऊण बाटली आम्ही त्यांना रोज चमच्याने पाजत होतो.

मी ते आईंना सांगितलं तेव्हा त्या चिडल्या. "पेज काय पानी हाय? पेज जेवन हाय," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ तेच तेच म्हणत राहिल्या. मी वाद घातला नाही. मी पेजेवरची निवळ गाळणीतून एका पेल्यात गाळली आणि पेला त्यांच्यासमोर ठेवला. आई पेल्याकडे बघत खाली बसल्या. बाबांना दम लागायला लागल्यापासून त्या पेज आणखी पातळ करत होत्या, घशाखाली सहज उतरावी म्हणून, आणि वाडगं काठोकाठ भरत होत्या, माणूस अशक्त झालाय म्हणून. हे त्यांनीच मला सांगितलं. "म्हंजे मीच पाजलं त्यांना," त्या म्हणाल्या. मला तेव्हा त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी चहा टाकला.

बाबांना कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. चोरीच्या आरोपातून सुटलेला माणूस जितका ऐटीत बसेल तितक्या ऐटीत ते खाटेवर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले की चोर घरातच होता, पण तो मी नव्हतो. आईंकडे बघून डोळा मिचकावून सांगायचे. आई लटक्या रागाने तोंड फिरवायच्या. मला हायसं वाटलं, कारण बाबा पुन्हा माझ्याशी बोलायला लागले होते.

त्यानंतर आईंनी माझं राज्य खालसा केलं. ज्या काट्याला त्या फसवा म्हणत होत्या, त्याला आता त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. पेज बंद झाली. त्याऐवजी मऊ भात, तोही पाणी निथळून, मधल्या वाटीने आणि सपाट. शीग त्या बोटाने अशी काढायच्या की एक शितही वर राहू नये. डाळ उकळून वरचं पाणी ओतून द्यायच्या. आमटीची वाटी बाबांच्या लिटरमधून वजा व्हायची. भाजीचं वजन करताना पाणी सुटणारी भाजी कोणती आणि शोषणारी कोणती हे त्या स्वतःच शोधून काढायच्या आणि मला रिक्षात ऐकवायच्या. आहारतज्ज्ञ बाईंना त्यांनी एकदा विचारलं की वाटी म्हणता ती कुठली, आधी ते सांगा. बाई हसल्या आणि त्यांनी टेबलावरचं माप काढून दाखवलं. आईंनी ते हातात घेऊन आत बोटं फिरवून बघितलं आणि मग मान डोलावली. बाबांचं वजन दर वेळी थोडं कमी वाढत गेलं. पावलांची सूज उतरली. एका संध्याकाळी बाबा सरळ, एका उशीवर, आडवे झोपलेले दिसले. मी दारात उभी राहून त्यांचा श्वास ऐकला आणि आत जाऊन नवऱ्याला फोन लावला. त्याच्याकडे रेंज नव्हती, तरी मी लावत राहिले.

मग वैशाख आला. आमच्याकडे वैशाखात हवा अंगाला चिकटते आणि घाम वाळत नाही. बाबांचे ते दिवस फार कठीण गेले. ते तक्रार करत नसत, पण ओठांवरून जीभ फिरवत बसायचे. डॉक्टरांना विचारून मी त्यांना बर्फाचा एक छोटा तुकडा द्यायची, तोही वजन करून. ते तो गालात धरून डोळे मिटायचे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी उठून कामाला लागायची. आम्ही घरातली बाकीची माणसं त्यांच्यासमोर पाणी पीत नसू, मागच्या पडवीत जाऊन प्यायचो.

अशाच एका दिवशी मागच्या अंगणात जवळा सुकत घातला होता आणि आई तो हलवायला गेल्या होत्या. बराच वेळ झाला तरी आवाज नाही म्हणून मी बघायला गेले, तर त्या जवळ्याच्या कडेला भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे अर्धे मिटलेले. हात लावला तर अंग तापलेलं आणि कोरडं. मी शेजारणीला हाक मारली, दोघींनी मिळून त्यांना आत आणलं. गावातले डॉक्टर आले. त्यांनी जीभ बघितली, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, रक्तदाब घेतला आणि मला विचारलं की ह्या पाणी पितात की नाही? मी म्हटलं पितात ना. पण म्हणता म्हणता मला कळलं की आईंना पडवीत पाणी पिताना मी कितीतरी दिवसांत बघितलेलंच नाही.

डॉक्टर मीठसाखरेचं पाणी थोडं थोडं द्यायला सांगून गेले. आईंना जरा हुशारी आल्यावर मी विचारलं. रागानेच विचारलं, कारण मी घाबरले होते. त्यांनी नजर आढ्याकडे वळवली. मग म्हणाल्या की बाबांना जेवढं, तेवढंच त्याही घेतात. पेजेचं कळलं त्या दिवसापासून.

मी म्हटलं, पण का? तुम्हाला कोणी सांगितलं?

"तू मोजतेस ते बरोबरच हाय, बाय," त्या म्हणाल्या. "पन तेवढ्यात मानसाचं भागतं का, ते काटा नाय सांगत. म्हनून मी बगितलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाय भागत."

बाबा पलीकडच्या खाटेवर होते. मला वाटलं होतं त्यांना झोप लागली आहे. ते उठले, भिंतीला धरून माठापर्यंत गेले, आणि भरलेला ग्लास दोन्ही हातांत धरून आईंच्या उशाशी येऊन बसले. मी घ्यायला पुढे झाले तर त्यांनी मानेनेच मला थांबवलं. "माझ्यासमोर पी गो," ते म्हणाले. "इतके दिस लपून पिता सगळी. मला बगू दे तरी."

आई उठून बसल्या आणि प्यायला लागल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी त्या थांबल्या नाहीत. बाबा त्यांच्या गळ्याकडे बघत होते, प्रत्येक घोट खाली उतरेपर्यंत.

"गार हाय का?" त्यांनी विचारलं.

आईंनी मानेनेच हो म्हटलं आणि अजून गार असलेला रिकामा ग्लास त्यांच्या हातात दिला.